फोटोत नसलेली आई

भाचीचा व्हिसा नाकारल्याचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. जन्मदाखला आहे, पण आई-मुलीचं नातं टिकून असल्याचा पुरावा दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये नर्स. नवरा वारला, तेव्हा दोन वर्षांची पोर माझ्याकडे ठेवून ती तिकडे गेली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. रोज ड्युटी संपली की तिचा फोन यायचा. पोरीनं काय खाल्लं, खोकला गेला का, नखं कापली का, विचारून विचारून माझा जीव नकोसा करायची. आणि म्हणे नात्याला पुरावा नाही!

अपिलासाठी मी सिल्व्हर पार्कजवळच्या एका वकिलांकडे गेले. बहीण दोनदा सुट्टीवर आली होती, तेव्हाचे फोटो त्यांनी टेबलावर पसरले. वाढदिवस, गावचा गणपती, समुद्रावरची भेळ. सगळीकडे पोर आणि मी.

"मॅडम, इसमें बच्ची की माँ किधर है?"

"अरे, फोटो वोइच तो निकालती थी!"

कॅमेरा तिनंच तिकडून आणलेला. सुट्टीच्या महिनाभरात पोरीचा चेहरा साठवून न्यायची तिला कोण घाई. बाई, तू पण जरा उभी राहा, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आपलं माणूस आपल्या घरात आहे, याचा पुरावा कोण ठेवतं? त्यात प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सगळ्या सह्या माझ्याच.

वकील म्हणाले, खरं काय ते तुमच्या शब्दांत लिहून द्या. शांती नगरातल्या घरी शिलाईची मशीन बाजूला सारून मी लिहायला बसले. पहिलंच वाक्य होतं, 'मी या मुलीची आई नाही.' ते लिहिताना मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, अपील फेटाळलं तर बरं, असंही क्षणभर मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. मग ते फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येकात मी पोरीकडे बघतेय, आणि पोर कॅमेऱ्यामागच्या आईकडे बघून हसतेय. तेवढंच लिहिलं आणि सही केली.

अपील मंजूर झालं. वकिलांचा फोन आला तशी पोर बिल्डिंगभर सांगत सुटली, मी मम्मीकडे जातेय, मी मम्मीकडे जातेय! परत आली ती थेट बॅग काढून बसली. आपले फ्रॉक भरले, मग माझं कपाट उघडून दोन साड्या त्यावर नीट घडी करून ठेवल्या.

"मावशी, तुझ्या अजून कुठल्या घ्यायच्या?"

एवढे कागद जमवले आम्ही. व्हिसा तिच्या एकटीचाच आहे, हे तिला सांगायचं मात्र सगळ्यांचंच राहून गेलं होतं.