मठाच्या भिंतीवरची आमची नावं

अमावस्या, लिंबू-मिरची, नजर... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. म्हणून कोणी ‘मंदा, तुझा गोंधळ झाला असेल’ म्हटलं की डोकंच फिरतं.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. जानेवारीत एका रविवारी मी आणि आमचे हे बाईकवरून घोडबंदरच्या बाजूला गेलेलो. तिथे खाडीलगत पोर्तुगीजांच्या काळातल्या एका मठाचे अवशेष आहेत. छप्पर नाही, नुसत्या भिंती. पण आतल्या खोलीत एका ठिकाणी जुना चुन्याचा गिलावा अजून शाबूत होता, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत.

मी बाहेर फोटो काढत होते. आत येऊन बघते तर ह्यांनी बाईकच्या चावीने त्याच गिलाव्यावर कोरलेलं — सुनील-मंदा. वर मलाच म्हणाले, फोटो काढ.

माझे वडील गवंडी होते. असा गिलावा घोटताना माणसाचे खांदे भरून येतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. पुरावा म्हणून फोटो काढला.

पुढच्या रविवारी चुना आणि थापी घेतली, ह्यांना सोबत ओढत नेलं. म्हटलं, तुम्हीच बुजवायचं.

भिंतीवर नावं नव्हती.

मोबाइलमधला आधीचा फोटो उघडून जुळवलं. कोपऱ्यातला तोच तडा, त्याखालचा तोच तुटका कोनाडा. मधला गिलावा अखंड, आणि नावं होती नेमकं तिथे गेल्या पावसाळ्यातलं वाळकं, काळपट शेवाळ. माझा चुना पिशवीत बांधलेला... तरी त्या खोलीत ताज्या भिजवलेल्या चुन्याचा वास भरून राहिलेला. तो वास मी ओळखणार नाही?

भाचा म्हणतो, मामी, भिंत चुकली. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात, कोणीतरी दुरुस्ती केली असेल. मग आठ दिवसांत, भर जानेवारीत, वाळकं शेवाळ कोणी चिकटवलं? फोटो दाखवला की दोघंही तो मोठा करकरून बघतात.

त्या दिवशी तिथेच ह्यांनी चपला काढल्या, भिंतीला हात लावला आणि हळूच म्हणाले, “चुकलं माझं.”

सव्वीस वर्षांच्या संसारात मला हे शब्द एकदाही ऐकायला मिळालेले नाहीत.