पिना मारलेली पानं

संगमनेरच्या आमच्या वाचनालयात काउंटरवर बसणाऱ्या बाईंच्या हाताशी कायम स्टेपलर असायचा. आठवी-नववीतल्या मुलींच्या आया कादंबरी पुढे करून विचारायच्या, "बाई, हे आमच्या पोरीला चालंल का?" बाई चष्मा कपाळावर चढवून, पुटपुटत पानं चाळायच्या आणि म्हणायच्या, "पुस्तक लई चांगलं हाय ताई, एवढी चार पानं सोडली तर." मग खट्, खट्! त्या पानांच्या कडांना पिना मारून पुस्तक हातात द्यायच्या. आया निर्धास्त होऊन घरी जायच्या. मला गंमत वाटायची, कधी रागही यायचा; पण फुकट पेपर वाचायला येणाऱ्या माणसानं कशाला बोलायचं?

एका दुपारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आली. तिच्या हातातल्या कादंबरीत एका मुलीचा मामाच तिच्या अंगचटीला येतो. त्याच्या पुढची पानं बाईंनी बंद केली होती. मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पिना काढता का? तिनं घरी कसं सांगितलं, तेवढंच बघायचंय."

"आईला घेऊन ये, मग काढते."

मुलगी पुस्तक काउंटरवर ठेवून गेली. पुन्हा आली नाही.

आता बाई रोज एखादं पुस्तक घेऊन नखानं पिना उपसत बसतात. कागद फाटला की चिकटपट्टी लावतात. परवा मान वर न करताच मला म्हणाल्या, "आईला घेऊन ये म्हनले मी तिला. आन् आईला कसं सांगायचं, तेच बघायला आलती ती."