मांडवावर चढलेला नायक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — माझ्या खिशातल्या गोळ्या पित्ताच्या आहेत, असंच ती समजते.

मी पारनेरला शाळेत मराठी शिकवतो आणि कथा लिहितो. काही वर्षांपूर्वी मिरजगावला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. अचानक छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले — आपण आता मरतोय अशी खात्रीच पटली. अशा वेळी मी काय केलं असेल? वाढप्याला म्हणालो, "भात थोडाच वाढा." मरणाऱ्या माणसाला भाताशी काय करायचंय — पण म्हणालो खरा. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय ठणठणीत आहे; हा भीतीचा झटका, मनाचा आजार, औषधाने बरा होतो. घरी मी पित्त म्हणून सांगितलं.

मग त्यावर कथा लिहिली. घडलं तसंच, फक्त माणूस दुसरा. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला — "सर, हा मनोरुग्ण वाटतच नाही. तसला माणूस भाताचं बोलेल का?" आता तो मनोरुग्ण मीच, आणि भाताचं बोललो होतो. हे सांगता आलं नसतं का? मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." आठवड्याभरात माझा नायक केस पिंजारून, खदाखदा हसत मांडवावर चढला आणि नवरदेवावर अक्षतांऐवजी चपला टाकायला लागला. शेवटी त्याच्या अंगात दुसराच माणूस शिरला. कथा गाजली. मानसिक आजाराचं अस्सल चित्रण, असं लोक म्हणाले. मी मान डोलावली.

इथवर एक वेळ खपलं असतं. पण माझा मेहुणा दत्तू — कोल्हारला शेती करतो, टेम्पो चालवतो — एक दिवस हसतच घरी आला.

"दाजी, लई उपकार झाले. मलाबी छातीत धडधडायचं, आता मरतो असं वाटायचं. डॉक्टर म्हनला, मनाचा आजार हाय. मग तुमची गोष्ट वाचली. मी कुठं मांडवावर चढलोय? गोळ्या दिल्या फेकून."

माझ्या खिशात तसल्याच गोळ्या होत्या. किती बोलायचं होतं — एक वाक्य? मी म्हणालो, "पित्त असेल. कोकम घेत जा."

पुढे दत्तूने टेम्पो सोडला. मग बाजाराला जाणं सोडलं. सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही आला नाही; सगळे त्याला शिष्ट म्हणाले — मीही म्हणालो.

गेल्या महिन्यात मी नगरला डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो, तर त्याची बायको त्याला दंडाला धरून आत घेऊन आली. पार वाळला होता. मला बघून त्याचा चेहरा जरा उजळला.

"दाजी, तुमी हितं? नव्या गोष्टीसाठी माहिती काढाया आलाय व्हय?"

आता तरी? ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं —

"हो," मी म्हणालो.

त्याने बाकड्यावरच्या लोकांना विनवलं — लेखक हायेत, त्यांना आदी जाऊ द्या. लोक सरकले. मी सगळ्यांच्या आधी आत गेलो आणि दार लावून घेतलं.