पुढे कोण चढणार

आमचा दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि रविवारी कडे चढतो. ही दोन माणसं एकाच कातडीत कशी राहतात, हे कोडं मला सख्खी बहीण असून सुटलेलं नाही. एरवी तो इतका भित्रा, की रिकामा रस्तासुद्धा दोन्हीकडे बघून मगच ओलांडतो. कुलूप लावलं की ओढून बघतो, जिना उतरतो, परत वर जातो आणि पुन्हा ओढून बघतो. वहिनी म्हणते, "यांच्याबरोबर सिनेमाला निघालं की सुरुवात कधी बघायला मिळतच नाही."

"मग कड्यावर कुठे जाते ही अक्कल?" मी एकदा विचारलं होतं.

"तिथेच तर ती कामाला येते," दादा म्हणाला. "मला साहसबिहस काही करायचं नसतं. संध्याकाळी घरी येऊन जेवायचं असतं. मधे थोडं चढायचं असतं, इतकंच."

आणि खरंच, दगड जरा ओलसर वाटला, मन लागेना, की तो सरळ खाली उतरतो. बरोबरचे त्याला 'माघारराव' म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट नावाला जागतो.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, शाळेत असल्यापासून त्याच्या मागे चढते. मागच्याचा दोर वरून धरलेला असतो; पाय घसरला तरी लोंबकळण्यापलीकडे फारसं काही होत नाही. पुढे चढणाऱ्याचा दोर मात्र खालून येतो, खालच्याने धरलेला. तो खडकात कड्या अडकवत दोर त्यांतून नेतो, आणि घसरलाच तर शेवटच्या कडीच्याही खाली दाणकन येतो. भाचीला आता पुढे चढायचं होतं. दादाचं उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं, आणि पोरगी तर नोकरीलासुद्धा लागली होती.

त्या रविवारी मीही गेले होते, सावलीत बसायला आणि डबा सांभाळायला. कड्याच्या पायथ्याशी बापलेकीची जुंपली.

"बाबा, आज मी पुढे."

"नाही."

"का पण? मी कुठे चुकते ते तरी सांग."

दादाचा एक कडक नियम आहे. गाठ बांधताना कोणी बोलायचं नाही, आणि बांधून झाली की एकमेकांची गाठ बघायची. पण त्या दिवशी नियम घालणाराच बोलत सुटला. कमरेच्या पट्ट्यातून दोर ओवता ओवता निष्काळजीपणा कसा अंगाशी येतो, तरुण पोरांना कशी घाई असते, सगळं बाहेर काढलं. हातवारे करायला हात मोकळे लागतात, तेही केले. मग तिची गाठ नीट ओढून बघितली आणि कड्याकडे वळला.

"थांब बाबा. तुझी बघायची राहिली."

"माझी काय बघतेस? इतकी वर्षं बांधतोय."

तिने ऐकलं नाही. रागातच पुढे झाली, त्याचं जाकीट वर केलं आणि दोर ओढला. दोर सरळ तिच्या हातात आला. पट्ट्यातून ओवला होता, पण गाठ मारलीच नव्हती.

तिने 'बघितलंस?' असंसुद्धा म्हटलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. तिच्या जागी मी असते तर गावभर केलं असतं. दादा मटकन दगडावर बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा नेहमीसारखा माघारी फिरणार असं वाटून मी डबा उचललाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. आपल्या कमरेच्या कड्या एकेक करून काढल्या आणि तिच्या पट्ट्याला लावल्या.

"घाबरलास म्हणून?" तिने हळूच विचारलं.

"हो. आज मी खाली बरा. दोर धरायला घाबरलेलाच माणूस असावा."

ती चढायला लागली आणि मध्यावर थबकली. पायाला जागा सापडत नव्हती. "तिला उतर म्हण ना रे," मी कुजबुजले.

"बाबा, काय करू?" वरून आवाज आला.

त्याच्या ओठांवर काय आलं होतं, हे मला सांगायला नको. ते त्याने गिळलं. "मला इथून दिसत नाही," तो ओरडला. "तुला दिसतंय. तू ठरव."

तिने ठरवलं. थोडी खाली आली, डावीकडे सरकली आणि गेली वर. काही वेळाने तिची हाक आली, "दोर धरलाय, ये!"

दादाने गाठ बांधली. तोंडातून अवाक्षर नाही. मग जाकीट वर धरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बघ."

"अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग शिक," दादा म्हणाला. "ती वर गेली. आता इथे मला दुसरं कोण आहे?"