येते, जाते

शाळेला सुट्टी लागली म्हणून आम्ही गुहागरला आलो आहोत. काल मुलगी शेजारी खेळायला निघाली आणि पायरीवरून म्हणाली, "बाय!"

सासूबाई पडवीत वाल निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय गो बाय?"

"काही नाही आजी, जातेय."

"जातेय म्हणू नये. येते म्हण."

मला हसू आलं. याच 'येते'वरून मस्कतला तिची शाळा अडली होती. ते मी इकडे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

यजमान तिकडे वेल्डर होते, पुढे सुपरवायझर झाले. तोवर ते वर्षातून एकदा घरी यायचे आणि मुलगी त्यांना पाहुणे समजून माझ्यामागे लपायची. मग फॅमिली व्हिसा मिळाला, आम्ही दोघी गेलो. तिला पहिलीत घालायचं होतं. यजमान म्हणाले होते, "शाळा मिळाली तर आपण तिघं इथे. नाही मिळाली तर तुम्ही दोघी परत गुहागरला."

मुलाखतीच्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही. आम्हाला फाटकाशी सोडून ते कामावर गेले. आतल्या बाई हिंदी बोलणाऱ्या, चटपटीत. मुलीने रंग सांगितले, आकडे म्हटले. मग त्यांनी मला विचारलं, "घर में कौन पढ़ाएगा?"

"मैं. चौथी तक."

चौथीपर्यंतचं मी शिकवीन, एवढंच मला हिंदीत सांगता आलं. बाईंनी मान हलवली. मला वाटलं, झालं. उठले, हात जोडले आणि म्हटलं, "मैं आती हूँ."

"ठीक है," त्या म्हणाल्या.

आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांना शाळेचे निरोप आले. आम्हाला नाही.

"तू काय बोललीस तिथे?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही."

"तेच तर. कुठेही गेलीस तरी तू तेच बोलतेस."

त्यांनी शाळेत फोन लावला. बोलता बोलता माझ्याकडे बघायला लागले. फोन ठेवून म्हणाले, "अगो, तू त्यांना 'मैं आती हूँ' म्हणालीस?"

"हो."

"त्या बाई वाट बघत बसल्या! त्यांना वाटलं, तू मला बोलवायला गेलीस. मुलाखत अर्धीच राहिली म्हणतात."

"मग काय जाते म्हणू? पोरीच्या शाळेचं काम, आणि जाते म्हणू?"

ते कपाळाला हात लावून हसले. मग म्हणाले, "जागा भरत आल्यात. उद्या जा आणि तुझी तूच सांग."

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन निघाले. टॅक्सीत मला भीती वाटत होतीच, पण डोक्यात दुसरंच फिरत होतं. ही एवढी माणसं रोज 'जाते' म्हणून घराबाहेर पडतात आणि रोज परतही येतात. त्यांना काहीच वाटत नाही? शेजारची ओमानी बाई निघताना काय म्हणते, ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

शाळेच्या ऑफिसात त्याच बाईंना मी कसंबसं सांगितलं, "हमारे में 'जाती हूँ' नहीं बोलते. अच्छा नहीं होता."

"मतलब जाते समय 'आती हूँ' बोलते हैं?"

"हाँ."

"और सच में वापस आना हो तो?"

"तब भी 'आती हूँ'."

"फिर पता कैसे चलता है?"

आम्हाला ते कळतं एवढं खरं, पण कसं कळतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

पलीकडच्या टेबलापाशी शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या, केरळच्या. त्या हसायलाच लागल्या. "मेरी अम्मा भी ऐसा ही बोलती है. हमारे घर में 'जाके आती हूँ' बोलते हैं." त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, पुस्तकातली चित्रं दाखवली, दोन-चार प्रश्न विचारले आणि राहिलेली मुलाखत स्वतःच घेतली.

निघताना मी दारातच अडले. 'आती' म्हणावं तर पुन्हा घोटाळा, 'जाती' म्हणायला जीभ वळेना. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "येते हां बाई."

मोठ्या बाईंना मराठी येत नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "आना, आना. इतवार से, सात बजे."

तिकडे रविवारी शाळा असते.

बाहेर येऊन मी यजमानांना फोन केला.

"काय म्हणाल्या?"

"ये म्हणाल्या," मी सांगितलं.