हृदयाचा पंप आणि माझा सौदा

खामगावात माझं विहिरीवरच्या इंजिनांचं आणि पंपांचं दुकान होतं. सायकलींची पंक्चरं काढता काढता मी ते उभं केलं, त्यामुळे पंपाबद्दल कोणी मला शिकवावं हे मला खपत नसे. अमेरिकेत एका थकलेल्या हृदयाला पंप जोडल्याची बातमी मी वाचली, तेव्हा माझी बायको भिंतीला उशा लावून बसली होती. आडवी झाली की तिचा दम कोंडे. पाय असे सुजलेले, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राही. मला त्या पायांची किळस येई. लिहितानाही लाज वाटते, पण येई.

बातमीचा कागद खिशात घालून मी तिला नागपूरला नेलं. डॉक्टरने तिला तपासलं, मग कागद वाचला.

"असा पंप आपल्याकडे नाही. तिकडेही अजून प्रयोगच चाललेत. यांना आठ-दहा दिवस इथे ठेवा. औषधाने अंगातलं पाणी काढू, बराच आराम पडेल."

"मागवला तर?"

"अहो, नाही म्हटलं ना."

नाही म्हणणं हा तर माझाच धंदा. हंगामात वरवट बकाल गावचा शेतकरी आला, की गोदाम भरलेलं असताना मी "माल नाही" म्हणायचो. तो "शेठ, पाहा ना आत एखांदं" म्हणून गयावया करी, मग भाव चढे. हुशार गिऱ्हाईक मात्र उठून चालू लागे आणि मलाच हाक मारून त्याला परत बोलवावं लागे. मला वाटलं, हा डॉक्टरही पंप दडवून मला गोळ्यांवर कटवतोय. मी उठलो.

जिन्यात तिने कठडा धरला. "अहो, राहू द्या ना मले इथं. आठच दिवस तं म्हणते तो. लई थकली मी."

"चूप बैस. बलावते आता तो."

"आन् नाही बलावलं तं?"

"तुले धंद्यातलं काय समजते?"

डॉक्टरने हाक मारली नाही. तिला झाडाखाली बसवून मी फाटकाशी अर्धा तास ताटकळलो. परत वर जाणं मला जमेना, कारण परत आलेल्या गिऱ्हाइकाला मी कसा पिळायचो ते मला ठाऊक होतं. आम्ही गाडीत बसलो. बाराव्या दिवशी ती गेली, बसल्या बसल्याच.

त्या डॉक्टरवरचा राग अजून उतरलेला नाही. माझं चुकतंय हे त्याला दिसत होतं. एक हाक मारायला त्याचं काय जात होतं?

तेरवीला तिच्या भावाने विचारलं, "काऊन भाऊजी, डॉक्टरनं ठेवून नाही घेतलं?"

"पैशाचा लालची निघाला," मी म्हणालो.

त्या माणसाने पैशाचं नावही काढलं नव्हतं. तिचा भाऊ आजही माझ्या घरी चहा पीत त्याला शिव्या घालतो. ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तरी मी त्याला थांबवत नाही.