व्हर्लिनच्या सायकलची मागची पिशवी

व्हर्लिन ओडेगार्ड सत्तावन्न वर्षांचा होईपर्यंत कुणाच्या तोंडावर वाकडा शब्द बोलला नव्हता. याला कुणी सज्जनपणा म्हणेल. मी म्हणतो, हा भित्रेपणाच, फक्त इस्त्री केलेला. आमच्या मिनियापोलिसात असली माणसं पैशाला पासरी मिळतात, आणि तीही तक्रार न करता.

शाळांची वाद्यं दुरुस्त करायच्या कारखान्यात तो पितळी वाद्यांचे पोचे काढायचा. घरापासून कारखाना सात मैल. तेवीस हिवाळे तो सायकलने जात-येत होता, आणि त्याचा सगळा संसार मागच्या कॅरिअरवर होता. डावीकडच्या पिशवीत पंप, जादा ट्यूब, रेनकोट आणि कोरडे मोजे. उजवीकडच्या पिशवीत डबा, कामाचे बूट आणि कुणीतरी बळेबळे दिलेल्या केकच्या वड्या. पिशव्या कॅरिअरला अडकवायचे आकडे त्याने स्वतः पितळेचे करून घेतले होते. बायको त्याला सोडून ॲरिझोनाला गेली तेव्हा म्हणाली होती, "एकोणीस वर्षांत तुला काय हवंय ते मला एकदाही कळलं नाही." त्यावर व्हर्लिन म्हणाला होता, "हं, बरोबर आहे तुझं." आणि तिची बॅग गाडीपर्यंत नेऊन दिली होती.

मनातल्या मनात मात्र एका गोष्टीचा त्याला भयंकर तिटकारा होता. पाठीवर सॅक लावून सायकल चालवणाऱ्यांचा. घोड्यावर बसायचं आणि गाठोडं आपल्याच डोक्यावर ठेवायचं, यातला हा प्रकार, असं त्याला वाटे. बोलला अर्थात कधी नाही.

मार्चमध्ये न्यू जर्सीहून रीटा फेरांटी आली. क्लॅरिनेट दुरुस्त करायला. पंचावन्न वर्षांची, विधवा, आवाज खणखणीत. ती शिंकली तरी कोपऱ्यातला ट्यूबाचा मोठा पितळी भोंगा गुणगुणायचा. नोव्हेंबरच्या थंडीत तिची गाडी बंद पडली. गाडीच्या इंजिनाला रात्रभर वीज लावून ऊब द्यावी लागते, असं कुणीतरी सांगितल्यावर ती कडाडली, "मी नवऱ्याचेसुद्धा एवढे लाड केले नव्हते!" आणि जुनी सायकल घेऊन यायला लागली. पाठीवर ही एवढी सॅक. कारखान्यात पोचायची तेव्हा पाठीतून वाफा निघत असत, आणि घामाने भिजलेला शर्ट दहापर्यंत गारठलेला असे.

व्हर्लिनने हे दोन आठवडे सोसलं. मग एका सकाळी त्याचा तोल सुटला.

"तुझी सॅक," तो म्हणाला, "वेगळीच आहे हं."

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. कारखान्याची मुकादम अर्लीस हिने शरमेने मान खाली घातली.

"थँक्यू!" रीटा म्हणाली. "सेलमध्ये मिळाली."

बोलून काही होत नाही म्हटल्यावर व्हर्लिनने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप तिच्या सायकलला घरून आणलेला जुना कॅरिअर बसवला आणि त्याला एक पिशवी टांगली. संध्याकाळी रीटाने ती पाहिली, हसली, आणि सॅक तीत कोंबून गेली. पुढच्या सकाळी दारातूनच तिचा आवाज आला.

"व्हर्लिन! अरे, घरापर्यंत लाथा घालत गेले मी तुझ्या पिशवीला! दर पॅडलला टाच लागते!"

बारा माणसं एकदम आपापल्या कामात बुडाली. व्हर्लिनचे कान लाल झाले. इतकं सरळ त्याला जन्मात कुणी बोललं नव्हतं. दुपारी त्याने पिशवी चार बोटं मागे सरकवली.

"आता बघ."

तिने आवारात एक चक्कर मारली. "आता झकास!"

संपलं. सकाळी तक्रार, दुपारी दुरुस्ती. त्याच्या लग्नात एवढ्याला नऊ वर्षं लागली असती आणि तरी पिशवी तिथेच राहिली असती. त्या दुपारी व्हर्लिन प्रेमात पडला. चार बोटांसाठी माणूस प्रेमात पडू शकतो यावर तुमचा विश्वास नसेल तर तुम्ही एकोणीस वर्षं गप्प घरात राहिलेले नाही.

मग दोघं रोज संध्याकाळी बरोबर घरी जायला लागले. तिचं घर वाटेतच होतं. तिची बडबड, त्याचं 'हं', आणि टायरखाली चुरणारा बर्फ. जानेवारीत एकदा ती चालत्या सायकलवरून म्हणाली, "मी परत चाललेय. मार्चमध्ये घराचा करार संपतो."

व्हर्लिनचं चाक घसरता घसरता राहिलं.

"माणसं गोड आहेत रे इथली," ती म्हणाली. "पण मी कुणालाच नकोय. हे कळायला वर्ष पुरे झालं."

जाऊ नकोस, हे दोन शब्द त्याच्या घशापर्यंत आले. बाहेर पडलं ते असं: "हं. तिकडे हवा बरी असेल."

त्या दिवशी तिचे टोमॅटोचे डबे त्याच्या पिशवीत होते. तिच्या घरापाशी त्याने पिशवी काढली आणि डबे आत नेऊन दिले. सकाळीच वेळ लावून ठेवलेल्या ओव्हनमधून चीज घातलेल्या लझान्याचा घमघमाट सुटला होता.

"थांबतोस का जेवायला?"

"नको, नको. उगाच तुला त्रास."

"बरं," रीटा म्हणाली आणि दार लावलं.

व्हर्लिन पायरीवर उभाच राहिला. आमच्याकडे पहिला नकार म्हणजे नुसते शिष्टाचार, दुसरा म्हणजे खाकरणं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडंसं' म्हणून खुर्ची ओढायची. निरोप घ्यायला तर अर्धा तास कमीच. आणि या बाईने चार सेकंदांत कडी घातली!

त्याने पिशवी कॅरिअरला अडकवली. मग काढली. आकडे तपासले. पुन्हा अडकवली. ती आता दार उघडेल, मग उघडेल. पारा शून्याखाली चार होता आणि मिशीत बर्फ धरला होता. पाचव्यांदा पिशवी काढली तेव्हा पडदा हलला, आणि रीटा सपाता घालूनच बाहेर आली.

"काय रे, पिशवी मोडली का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ती पक्कड घेऊन आली असती, दोघांनी आकडा उगाच पिळला असता, आणि मार्चमध्ये तिच्या दारात सामानाचा ट्रक उभा राहिला असता.

"पिशवी ठणठणीत आहे," व्हर्लिन म्हणाला. "मला जेवायचं होतं."

"मग नको कशाला म्हणालास?"

"तू एकदाच विचारलंस."

"किती वेळा विचारायचं असतं?"

"तीन. पहिल्या दोन वेळा नकोच म्हणायचं असतं."

रीटाचा आवाज एकदम उतरला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"ऑगस्टमध्ये माझ्या वाढदिवसाला मी तुम्हा सगळ्यांना बोलावलं," ती हळूच म्हणाली. "सगळे नको म्हणालात. तीन ट्रे लझान्या केला होता मी. आठवडाभर एकटी तेच खात होते."

"अर्लीस वड्या करून आली होती. गाडीच्या डिकीत होत्या. सुट्टी झाल्यावरही आम्ही अर्धा तास टेबलांपाशी रेंगाळत होतो. तू पुन्हा विचारशील म्हणून."

"सगळे?"

"बाराच्या बारा."

"आणि तू?"

"मी नवीन शर्ट घातला होता."

रीटा बर्फाच्या पायरीवर मटकन बसली. आधी हसली, मग रडली, मग अख्ख्या राज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. व्हर्लिन तिच्यासमोर पिशवी छातीशी धरून उभा होता.

"रीटा," तो म्हणाला, "जाऊ नकोस."

तिने बाहीला नाक पुसलं. "आत ये, लझान्या करपतोय."

व्हर्लिनने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्या मागोमाग आत गेला.